हाताने पाडलेली भोकं

आमच्या घरात ॲम्प्लिफायर तयार व्हायचे, पण कारखाना म्हणावा असं तिथे काही नव्हतं. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली जाड लाकडी टेबल आणि त्याला कायमचा बसवलेला, पत्रा पकडायचा व्हाइस. बाबा रेल्वेत फिटर होते. अकोल्याकडून बदलीवर आले आणि निवृत्त झाल्यावरही सुरतेतच राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी इच्छापोरला कंट्रोल पॅनलच्या कारखान्यात कंत्राटावर वायरिंग करायचे, अजूनही करते.

कामाची वाटणी कधी ठरवलेली नव्हती. ज्यावर सगळं बसतं तो पत्रा बाबांचा, तारा माझ्या. वर्षाला दोन-तीन ॲम्प्लिफायर व्हायचे. कुणाच्या भजनी मंडळाला, कुणाच्या शिकवणीच्या वर्गाला.

बाबांकडे हाताने फिरवायचं ड्रिल होतं, दात्यांच्या चाकाचं. विजेचं ड्रिल मी एकदा आणून दिलं होतं, ते त्यांनी दोन दिवस वापरून परत खोक्यात ठेवलं. ॲल्युमिनियम मऊ असतं, टोक घसरलं तर चरा पडतो आणि तो मरेपर्यंत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. ते आधी सेंटर पंचने खूण ठोकायचे, रॉकेलचा एक थेंब टाकायचे आणि मग संथ फिरवायचे. पत्रा आरपार व्हायच्या बेताला आला की ते हात हलका करत. मोजमाप मात्र ते फारसं करत नसत. ट्रान्झिस्टरच्या खाली अभ्रकाचा एक पातळ, पारदर्शक तुकडा बसतो, वीज पत्र्यात उतरू नये म्हणून. तोच तुकडा ते पत्र्यावर ठेवत आणि त्याच्या भोकांतून खुणा करत. त्यामुळे वस्तू बसणार नाही असं सहसा होत नसे. भोकाच्या काठाला राहिलेली धातूची कोर, तिला सगळे फिटर बर म्हणतात, ती मात्र ते कधीच राहू देत नसत. बर राहिली तर अभ्रक फाटतं आणि पहिल्याच मिनिटाला ट्रान्झिस्टर जळतो.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपावरून कळलं, मग पत्र्यावरून. एका पत्र्यावर एक भोक बरंच सरकलं होतं. त्यांनी ते गोल कानशीने घासून लांबट केलं आणि ट्रान्झिस्टर बसवला. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. त्या दिवशी आम्ही भाजी काय करायची यावर बोललो.

त्याच सुमारास आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही दिलेला ॲम्प्लिफायर लागला. वंदनेचा आवाज स्वच्छ येतो, शिट्टी मारत नाही, असं लोक म्हणू लागले. उधना, लिंबायत, कडोदरा अशा ठिकाणच्या विहारांतून विचारणा झाली. जयंतीच्या आधी आठ हवे होते. बाबा म्हणाले, "होते. काहून नाई होणार?"

मी हिशोब केला, दिवसांचा. त्यांना एका पत्र्याला आता चार दिवस लागत होते. इच्छापोरला माझ्या कारखान्याशेजारी लेझरने पत्रा कापून, वाकवून देणारा एक गाळा होता. घरी काही न सांगता मी तिथे गेले. नमुना म्हणून बाबांनी शेवटी केलेला पत्रा घेतला. तो ॲम्प्लिफायर दुरुस्तीला परत आला होता, त्यामुळे पत्रा पेटीतून काढलेलाच होता. व्हर्निअरने एकेक अंतर मोजलं, कागदावर उतरवलं आणि दिलं. आठ पत्रे एका दुपारी झाले. कडा सरळ, आठही अगदी एकसारखे.

रविवारी सकाळी मी ते टेबलावर ठेवले. बाबांनी विचारलं, "कोणी केले?"

"मशीनवर करून घेतले. वेळ कमी आहे म्हणून."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वरचा पत्रा उचलला आणि खिडकीकडे धरला. मग अभ्रकाचा तुकडा घेऊन ट्रान्झिस्टरच्या भोकांवर ठेवला. तीन भोकं जुळली. चौथं जुळलं नाही. त्यांनी दुसरा पत्रा घेतला, तिसरा घेतला. सगळीकडे चौथं भोक तेवढंच बाजूला होतं.

"माप कशावरून घेतलं?"

"तुमच्या मागच्या पत्र्यावरून."

त्यांनी अभ्रक उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "हे माहंच भोक हाय. म्या घासून चालवलं होतं. मशीनले काय मालूम, तिनं आठ डाव केलं."

घाईत मी ते लांबट भोक इतरांसारखंच गोल धरून मोजलं होतं, पण मला त्या क्षणी लाज वाटली ती माप चुकल्याची नव्हे. त्या भोकाबद्दल आम्ही घरात न बोलून जे सांभाळलं होतं, ते मी आठ प्रती काढून टेबलावर मांडलं होतं.

नवे पत्रे कापून घ्यायला पुन्हा पैसे गेले असते, म्हणून आम्ही तेच दुरुस्त करायचं ठरवलं. कानस मी धरली. बाबा समोर स्टुलावर बसले आणि सांगत राहिले. "दाबू नको. पुढं जातानाच घास, मांगं येताना उचल. आता अभ्रक ठेवून पाह्य." पहिल्या पत्र्याला माझा पाऊण तास गेला, आठव्याला दहा मिनिटं. त्यांनी फक्त एक काम स्वतःकडे ठेवलं. जाड ड्रिलचं टोक बोटांत धरून ते भोकात दोन-तीनदा फिरवायचं, म्हणजे बर निघून जाते. भोकच टोकाला धरून ठेवतं, हात थरथरला तरी बिघडत नाही. आठही पत्र्यांची सगळी भोकं त्यांनी दोन्ही बाजूंनी साफ केली. ॲम्प्लिफायर वेळेत गेले आणि एकही जळून परत आला नाही.

पुढच्या खेपेला मी त्यांना विचारूनच गेले, आणि ते म्हणाले, "मी बी येतो." त्यांनी आधी दोन संध्याकाळी बसून मापं काढली, जुन्या पत्र्यावरून नव्हे, नव्या ट्रान्झिस्टरवरून. आकडे ते सांगायचे, मी लिहायचे. इच्छापोरच्या त्या गाळ्यात ते मशीनच्या काचेसमोर बराच वेळ उभे होते. निळसर ठिणगी पत्र्यावरून सरकत होती. पत्रा बाहेर आल्यावर त्यांनी खालच्या बाजूने नख फिरवलं आणि मशीन चालवणाऱ्याला म्हणाले, "थोडी बर रहती है."

तो पन्नाशीतला सुरती माणूस होता. त्याने पत्र्याकडे पाहिलं नाही, बाबांच्या हाताकडे पाहिलं. "काका, हाथ कब से ऐसा है?"

मी मध्ये बोलणार होते. बाबांनी उत्तर दिलं, "दो साल."

"मेरे पप्पा को भी ऐसा ही था. बुढ़ापा समझ के बैठे रहे. दवा होती है इसकी. दिखाया किसी को?"

"नहीं."

"तो दिखाओ ने," तो म्हणाला आणि पुढचा पत्रा लावायला वळला.

दोन वर्षं मी जे वाक्य बोलू शकले नव्हते ते एका परक्या माणसाने काम करता करता बोलून टाकलं. परतताना रिक्षात बाबा स्वतःच म्हणाले, "सोमवारी सुट्टी भेटन काय तुले?"

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, एका कागदावर गोल काढायला लावला. आजाराचं नाव सांगितलं. बरा होणारा नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो म्हणाले. परिणाम दिसायला काही आठवडे गेले. मग सकाळची गोळी घेतल्यावर दोनेक तास हात बराच शांत राहायला लागला. दुपारपर्यंत तो पुन्हा पूर्वीसारखा होई.

अशा एका सकाळी मी कामावर जायची तयारी करत होते तेव्हा बाहेरच्या खोलीतून ड्रिलच्या दात्यांचा आवाज आला. बाबांनी कोरा पत्रा व्हाइसला लावला होता. मी थांबले नाही, बस चुकली असती. संध्याकाळी आले तेव्हा पत्रा टेबलावर होता. मी अभ्रक ठेवून पाहिलं. चारही भोकं बरोबर होती, कुठे घासलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, छान झालाय. मग आता नव्या ऑर्डरचे राहिलेले पाच पण तुम्हीच करता का? घाई नाही त्यांची."

"नाई," ते म्हणाले. "ते मशीनवर टाक. मले पाहाचं होतं, पाह्यलं."

"पण आता हात चालतो ना सकाळचा."

"चालते म्हणूनच सांगतो. दोन घंटे भेटते मले. त्यातला अर्धा घंटा दाढीले जाते. दोन साल न्हाव्यासमोर मान देऊन बसलो, आता आपली आपण करतो. मंग शर्टाच्या गुंड्या. मंग पेपर धरून वाचणं. भोकं पाडत बसलो तं हे कवा करू?"

मी पाच पत्र्यांचं ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी गाळ्यावर दिलं.