जनवाड्याचा अनादी

पडद्यावर मुंग्या होत्या आणि समाजमंदिराच्या अंगणात सगळं जनवाडा गाव बसलं होतं.

मुंग्या म्हणजे सिग्नल नसला की टीव्हीवर जे काळे-पांढरे ठिपके वळवळतात ते. आम्ही मेकॅनिक लोक त्याला स्नो म्हणायचो. बर्फ आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे गावाचा शब्दच जास्त बरोबर होता. समाजमंदिराची किल्ली सांभाळणाऱ्या शिवाप्पांनी मला दारातच गाठलं.

"अण्णा, काल येवस्थित होतं. आज बगा, नुसत्या मुंग्या. काय तरी करा."

"मालिका कधी लागते?"

"आता लागतंयच की! लोक मला जित्ता सोडणार न्हाईत आज."

बीदरला माझं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ही गोष्ट बीदरमध्ये टीव्हीचा टॉवर उभा राहण्याच्या आधीची. तेव्हा आमच्या भागात चित्र यायचं ते थेट हैदराबादहून, आणि इतक्या लांबून येता येता सिग्नल पार दमून जायचा. त्याला पकडायला छपरावर उंच पाइप, पाइपच्या टोकाला अँटेना, अँटेनाखाली बूस्टरची डबी. बूस्टर म्हणजे दमलेल्या सिग्नलला चहा पाजणारा माणूस समजा. एवढं सगळं जुळलं तर चित्र. नाहीतर मुंग्या.

मालिकेचं नाव होतं 'नक्षत्रद्वार'. हैदराबादच्याच एका स्टुडिओत ती तयार व्हायची. अवकाशयान होतं, शास्त्रज्ञ होते, पुठ्ठ्याची यंत्रं होती, पण गाव जमायचं ते एकट्या अनादीसाठी. अनादी म्हणजे ताऱ्यांच्याही आधीपासूनचा, परक्या जगातला जीव. पायघोळ झगा, डोक्यावर लांबट टोप, तोंडावर काळा पडदा. यानातली माणसं दर रविवारी त्याला विचारायची, तू कोण, इथं काय करतोस? तो खर्जातल्या आवाजात म्हणायचा, "काम बाकी है." बस्स. एवढ्या तीन शब्दांवर जनवाड्यात आठवडाभर वाद चालायचे. कुणी म्हणे देव आहे, कुणी म्हणे सैतान.

"देव बी न्हाई आन् सैतान बी न्हाई," गयाबाई ठणकावून सांगायच्या. "माजं पोरगं हाय ते."

खरी अडचण इथंच होती. गयाबाईंचा भीमराव स्टुडिओत दिवे उचलायच्या कामाला होता. गडी उंचापुरा, म्हणून एके दिवशी त्यालाच झग्यात घातलं. निदान तो तसं सांगायचा. पण तोंड पडद्याआड. आवाज दुसऱ्याच कुणा नटाचा. मालिका संपल्यावर नावं सरकतात त्यात भीमरावचं नाव नाही. मग खरं कसं मानायचं? गावानं त्याची यथेच्छ टिंगल केली. तो सुट्टीला आला की पोरं विचारायची, "काय अनादीबाबा, काम बाकी हाय का?"

टिंगलीचं एक वेळ सोडा, पण आता सोयरीक अडली होती. चिटगुप्प्याच्या किशनरावांची मुलगी भीमरावला सांगून आली होती. दोन्ही घरं बौद्ध, एकमेकांना ओळखणारी. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत. किशनराव मात्र अडून बसले होते. त्या दिवशी ते स्वतः येऊन पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. मला "जयभीम" घातला आणि मी काही विचारायच्या आतच बोलून मोकळे झाले.

"दिवे उचलतो म्हणला असता तर कवाच हो म्हणलो असतो. कामाची लाज न्हाई मला. पर उगं मोठेपणासाठी खोटं बोलणाऱ्याच्या घरात पोरगी देणार न्हाई. आज तोंड दिसणार हाय म्हणं. दिसू द्या, मग बोलू."

कारण भीमरावनं निरोपच तसा धाडला होता. रविवारचा भाग शेवटचा, त्यात अनादी टोप काढतो, आत मीच आहे, सगळ्यांनी बघा. स्वतः तो हैदराबादला कामात अडकलेला. गयाबाई मागे भिंतीला टेकून बायकांमध्ये बसल्या होत्या. मी आत जाताना त्यांनी एवढंच म्हटलं, "वसंता, बाबा, तेवढं दिसू दे रे." टीव्ही दुरुस्त करायला जातो आपण, कुणाचं लग्न जुळवायला नाही!

कामाला लागलो. आधी टीव्ही. बटण फिरवलं, तर मुंग्यांच्या खरखरीतून निवेदिकेचा आवाज पुसटसा आला. म्हणजे टीव्ही ठीक. आवाजाला सिग्नल थोडा पुरतो, चित्राला भरपूर लागतो. मग बूस्टर. त्याला खालून वीज जाते, ती जात होती. मग वायर. चपटी वायर खिडकीपासून छपरापर्यंत हातानं चाचपत गेलो, कुठं तुटली नव्हती. छपरावर पोचून मान वर केली आणि बघतच राहिलो.

अँटेनाला नवरदेवासारखं सजवलं होतं.

झेंडूचे हार होते. ते ठीक. फुलांनी सिग्नलचं काही बिघडत नाही. पण हारांच्या आतून काहीतरी लखलखत होतं. बेगड! चंदेरी कागदाच्या माळा अँटेनाच्या एका दांडीपासून दुसऱ्या दांडीपर्यंत गुंडाळलेल्या.

"हे कुणी केलं?" मी वरून ओरडलो.

खाली भीमरावचे दोस्त एकमेकांकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "आमीच केलाव अण्णा, सकाळच्या पारी. आपला भीमा दिसणार आज, म्हणून सजवलाव. कामून? चांगलं न्हाई दिसायलं का?"

अँटेनाच्या दांड्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर असतात, आणि वायर जिथं जोडलेली असते तिथली दोन टोकं एकमेकांना लागता कामा नयेत. बेगड म्हणजे धातूच. त्यानं सगळ्यांना एकत्र बांधून टाकलं होतं. हैदराबादहून मरत मरत आलेला सिग्नल माळेतल्या माळेत जिरत होता. पोरांनी प्रेमानं भीमरावचं तोंड बंद केलं होतं!

"चढा वर!" मी म्हटलं. "पाइप आडवा करायचाय. पळा!"

पोरं धडाधड वर आली. ताणाच्या तारा सोडल्या, क्लँप सैल केले, पाइप छपरावर निजवला आणि हातानं, दातानं, मिळेल त्यानं माळा ओरबाडल्या. खालून मालिकेचं संगीत सुरू झालेलं ऐकू आलं. शिवाप्पांचा आवाज त्याच्याही वर.

"अण्णा, लागलं! लागलं की ओ!"

पाइप उभा केला. तारा ताणल्या. क्लँप आवळायला गेलो तर बोल्ट नुसताच गरगर फिरतोय. आटे गेले होते. बदली बोल्ट दुकानात, दुकान बीदरला. पाइप उभा राहिला, पण वारा आला की टोकाची अँटेना तोंड फिरवायची. हैदराबाद आग्नेयेला, आणि ही बाई निघाली उलट्या दिशेला, उदगीरकडं. शेवटी मी पाइपला मिठीच मारली.

मग सुरू झाला तो प्रकार त्या काळात ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना सांगायला नको. मी पाइप फिरवणार, शिवाप्पा दारात उभे राहून पडदा बघणार आणि वर ओरडणार. घाईत ते कानडीवर जायचे.

"बंतु! बंतु! आलं! हां... होयतु. गेलं. मागं घ्या, मागं. जरा... बंतु! हलू नका, अण्णा! जीव गेला तरी हलू नका!"

मी हललो नाही. छपराच्या कडेवरून मला अंगण दिसत होतं, माणसं दिसत होती, पडदा मात्र दिसत नव्हता. टीव्ही दारात, तोंड अंगणाकडं, आणि मी त्याच्या डोक्यावर. सगळी मालिका मी बघणाऱ्यांच्या तोंडावर बघितली. शिवाप्पांना माझी दया आली असावी, ते मधून मधून सांगत होते.

"यान आलंय... सगळे गुडघ्यावर बसलेत... अनादी आलाय... विचारायलेत त्याला, तोंड दाखव म्हणून..."

किशनराव खुर्चीत पुढे सरकले. गयाबाई उठून उभ्या राहिल्या. माझे हात भरून आले होते, पण मलाही इतका चेव चढला होता की पाइप उपटून निघाला असता तरी मी सोडला नसता.

"हात टोपाला लावला... काढायलाय... काढला!"

आणि अख्ख्या अंगणातून एकच आवाज निघाला. दूध उतू गेल्यावर बायका करतात तसा.

"काय झालं? शिवाप्पा, काय झालं? चित्र गेलं का?"

"चित्र झकास हाय अण्णा," शिवाप्पा पडेल आवाजात म्हणाले. "पर तोंडच न्हाई. टोपाच्या आत नुसता अंधार हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोन-चार जण हसले. किशनराव उठले, धोतर सारखं केलं आणि चपला शोधायला लागले. गयाबाई तशाच उभ्या होत्या. वरून मला त्यांचं तोंड स्पष्ट दिसत होतं, आणि खरं सांगतो, दिसलं नसतं तर बरं झालं असतं. पाइप सोडून द्यावा असं वाटलं. कशासाठी धरायचा आता?

धरला. सवयीनं.

शिवाप्पा उगाच सांगत राहिले. "अंधारात निघालाय चालत... झोळीत हात घातलाय... तारे काढायलाय... आता सोडायलाय बगा, एक एक..."

मला दिसलं ते असं. मागच्या भिंतीपाशी गयाबाईंचा उजवा हात वर आला. मूठ पालथी झाली. अंगठा बोटांवरून फिरायला लागला, हळूहळू, एका लयीत, आणि पाय जागच्या जागी पडायला लागले. आपण काय करतोय याचं त्यांना भान नव्हतं. नजर पडद्यावर.

शेजारच्या बायकांनी आधी पडद्याकडं पाहिलं, मग गयाबाईंकडं, मग परत पडद्याकडं. एक म्हातारी किंचाळली, "आगं बया! चाडं धरलंय की त्यानं!"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पेरणीच्या तिफणीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. बैल पुढं, आणि मागून चालणारी बाई मुठीतून चाड्यात बी सोडत जाते. दाणे सारखे पडले पाहिजेत, कमी नाही, जास्त नाही. आमच्याकडं हे काम बायकांचं. प्रत्येकीची तऱ्हा निराळी. मूठ संपली की गयाबाई मनगट चाड्याच्या काठावर दोनदा हाणायच्या, चिकटलेला दाणा पडावा म्हणून. त्यावरून शेतात त्यांची थट्टाही व्हायची.

"मूठ संपली," शिवाप्पा म्हणाले, आणि थांबले. "अण्णा... मनगट हाणलं त्यानं. दोनदा. वाऱ्यावरच!"

त्याच क्षणी गयाबाईंचं मनगटही हवेत दोनदा आपटलं.

मग जो गोंगाट झाला तो बीदरच्या किल्ल्यापर्यंत गेला असेल. बायका उठल्या, हसायला लागल्या, रडायला लागल्या. "भीमाच हाय! गयाचाच हात हाय!" पोरांनी टोप्या उडवल्या. मी छपरावर एकटा पाइपला मिठी मारून खुळ्यासारखा ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. किशनराव एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन तसेच उभे होते. शेतकरी माणूस, पेरणीचा हात त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते बायकांच्या घोळक्यातून वाट काढत गयाबाईंपाशी गेले.

"अक्का, गड्यानं चाडं धरलेलं मी कवा बघितलं न्हाई. कुणी शिकवलं त्याला?"

"मीच की," गयाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "पोरगी न्हाई मला. मला ताप आला त्या साली पेरणी कुणी करायची? त्यालाच धरायला लावलं. पोरं हसायची त्याला बायको-बायको म्हणून. तरी धरायचा."

किशनरावांनी हातातली चप्पल खाली टाकून पायात सरकवली. मग म्हणाले, "खोटं बोलत नव्हता तर. पोराला बोलवून घ्या. तारीख काढू."

भीमराव पुढं भेटला तेव्हा त्यानं उलगडा केला. तोंडाचं चित्रण झालं होतं, पण दिग्दर्शकाला अंधार जास्त आवडला, आणि त्यानं याला न सांगताच ते कापलं. ताऱ्यांच्या वेळी भीमरावनं आधी भाषणातल्यासारखे हात पसरले होते. दिग्दर्शक चिडला. म्हणाला, लाखो वर्षं हेच काम करतोय असं वाटू दे. मग याला दुसरं काही येत नव्हतं, जे येत होतं ते केलं. मनगट कशाला आपटलंस म्हणून विचारल्यावर हा म्हणाला, "असंच करतेत." दिग्दर्शकाला ते फार गूढ वाटलं.

लग्न झालं. मी पोटभर जेवलो. ती मालिका मात्र पुन्हा कधी लागली नाही, त्यामुळे तारे पेरणारा अनादी जनवाड्यात सगळ्यांनी पाहिला, एक मी सोडून. लोकांना अजून त्याची हळहळ वाटते. मला नाही वाटत.

पुढं दुकानात शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो. मेकॅनिकनं पडद्याकडं कमी बघावं आणि बघणाऱ्यांकडं जास्त. चित्र आलं की नाही ते तिथं कळतं.