दोन रेघा आणि 'रद्द'

आमचं पाइप-नळांचं दुकान. बिलं करायचे काका, वडिलांनी ठेवलेले हिशेबनीस. एकतीस वर्षांत एक बिल चुकलं नाही याचा काय तो तोरा! कागदी बिल बिघडलं तरी पान कधी फाडायचे नाहीत. दोन तिरक्या रेघा मारून शेजारी 'रद्द' लिहायचे. "फाडलेल्या पानाचा संशय येतो, धाकटे मालक," म्हणायचे. मी पन्नाशीला आलो तरी त्यांच्यासाठी धाकटाच.

मग नवा नियम आला. बिल आधी ऑनलाइन नोंदवा, त्यावर चौकोनी कोड घ्या, मगच माल हलवा. काका साठीत संगणक शिकले, एका बोटाने. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही हे कळल्यावर तर खूशच झाले. "म्हणजे यालाही फाडाफाडी चालत नाही!" तरी शेजारी वहीत नोंद ठेवायचेच. मी त्यावरून चिडवायचो.

त्या दुपारी काका जेवायला गेले होते. एका बिलात नग चुकले होते म्हणून मी ते रद्द केलं. तेवढ्यात फोन आला, नवं करायचं राहिलं, आणि जुनाच कागद मी ड्रायव्हरच्या हातात दिला. काकांनी आल्यावर विचारलं, "हे रद्द कोणी केलं?" मी म्हटलं, "मीच."

टेम्पो नाक्यावर तपासणीत अडकला. संध्याकाळी तपासनीस दुकानात हजर. "रद्द बिलावर माल पाठवता? कोणाचं काम हे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, ओरडलो, "काका, डोळे गेले का तुमचे? झेपत नसेल तर घरी बसा!" जीभ कशी झडली नाही माझी!

"चूक माझी, साहेब," काका म्हणाले. दंड मी भरला, वर उपकार केल्याचा आव आणून.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. टेबलावर वही होती. 'बिल ४१२ रद्द केले, धाकट्या मालकांनी, दुपारी दोन वाजता.' त्यावर दोन तिरक्या रेघा. शेजारी 'रद्द'. खाली, 'चूक हिशेबनीसाची.' पान फाडलेलं नव्हतं. रेघांखालचं सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

वही काखोटीला मारून तसाच त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची, पाय धरायचे, ठरवूनच. दार काकूंनी उघडलं.

"बरं झालं आलात. हे सांगत होते, डोळे अधू झालेत, हातून मोठी चूक झाली. तुम्ही सांभाळून घेतलंत म्हणे?"

आतून काकांचा खोकला ऐकू आला.

मी "हो" म्हणालो.