सोरखामावशीचा वास

माझी मावशी सोरखा आमच्या पोर्टलाहन बंदरातली सगळ्यात स्वच्छ बाई होती. तिच्या स्वयंपाकघरात शिरलं की आधी दवाखान्यात असतो तो लाल कार्बोलिक साबण नाकात जायचा, मग चुलीत जळणाऱ्या टर्फचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांचा धूर आणि मग पाव. तिचे हात बारा महिने भेगाळलेले असत. लहानपणी मला वाटायचं, मावश्यांचे हात असेच असतात.

तिचे केस लाल होते. आमच्या डोनेगलच्या किनाऱ्यावर लाल केसांची काही टंचाई नाही, पण मावशीचे म्हणजे अगदी पेटलेले. कोळ्यांच्या गावात हे बरं नव्हे. पहाटे होडीकडे निघालेल्या माणसाला लाल केसांची बाई आडवी गेली की तो जाळं खांद्यावरून उतरवून सरळ घरी परतायचा. त्यामुळे होड्या खाडीबाहेर पडेपर्यंत आमची आजी तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसे.

शाळेत निराळाच जाच. मागच्या बाकावर बसणाऱ्या कॉर्मक डगननं एक दिवस नाक दाबून वर्गभर जाहीर केलं, "हिला कोल्ह्याचा वास येतो. लाल केसवाल्या सगळ्यांना येतो. माझे आजोबा सांगतात." मास्तरांनी त्याला झापायचं सोडून मावशीला खिडकीजवळ बसवलं, आणि खिडकी उघडली. हिवाळ्यात. त्या संध्याकाळी ती न्हाणीच्या घंगाळात बसली ती कातडी लालबुंद होईपर्यंत उठलीच नाही. साबण तेव्हापासून लागला.

तिच्या आयुष्यातला सुखाचा काळ कुठला, असं विचारलं की ती न अडखळता सांगायची, "शेटलंड." सतराव्या वर्षी गावच्या पोरींबरोबर ती हेरिंग मासे साफ करायला उत्तरेकडच्या त्या बेटांवर गेली. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, सुरीच्या एका झटक्यात माशाचं पोट मोकळं करायचं, मीठ लावून पिपात रचायचं. "अगं, आम्ही सगळ्याच घाण मारायचो!" सांगताना तिचे डोळे चमकायचे. "काळ्या केसांच्या, पिवळ्या केसांच्या, सगळ्या सारख्याच. नाचाला गेलो की गावातले लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे. मग आम्ही आपसातच नाचायचो. माझ्याशी नाचायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही."

मागेपुढे न पाहणाऱ्यांतला एक मॅनस. पिपं बनवणारा, आमच्याच किनाऱ्याचा, उंच आणि मितभाषी. लग्न करून दोघं पोर्टलाहनला परतली. इथे पिपांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मॅनसकाका होडीवर जाऊ लागला. सासूनं पहिल्या दिवशी सुनेवर पवित्र पाणी शिंपडलं आणि लोण्याच्या घुसळणीजवळ फिरकायचं नाही म्हणून बजावलं. "तुझ्या वासानं दूध नासेल."

होडीवरची मंडळीही कुरकुरली. बायको लाल केसांची, म्हणजे हा रोज अपशकुन करूनच येणार. मॅनसकाकानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी रोज तिचंच तोंड बघून निघतो. आणि रोज परत येतो. तुमच्यापैकी कुणाला शंका असेल तर त्यानं घरी बसावं." कुणी घरी बसलं नाही. तो गेला तोही समुद्रात नव्हे, छातीच्या दुखण्यानं, आपल्या पलंगावर. तेव्हा मावशी पन्नाशीला टेकली होती. मूलबाळ नव्हतं. केसांना रुमाल बांधून ती लोकरीचं छोटं दुकान चालवू लागली, आणि मी शाळा संपवून तिच्याच मदतीला राहिले.

पुढे काही वर्षांनी गावच्या शाळेत डर्व्ला नावाची विज्ञानाची नवी बाई आली. तरुण, बडबडी, चालण्यात कायम घाई. दुकानात लोकर घेता घेता तिनं कॉर्मक डगनला बोलताना ऐकलं. तो आता स्वतःच्या दोन होड्यांचा मालक, पोट सुटलेला. म्हणत होता, "वारा उलटा असला तरी लाल केसांची बाई मला वासावरून कळते." मावशी गल्ल्यामागे लोकर गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"खरंच कळते?" डर्व्लानं विचारलं. "मग बघू या की!"

तिनं खरोखरच घाट घातला. गावातल्या वीसेक जणांना तिनं नव्या कोऱ्या सुती बनियन वाटल्या. सुगंधी काही लावायचं नाही, एक रात्र घालून झोपायचं आणि सकाळी जॅमच्या बरणीत घालून झाकण लावायचं. रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये बरण्या मांडल्या. पाठ केलेल्या प्रार्थना विसरून अख्खं गाव नाक पुढे करून रांगेत उभं राहिलं. असा दंगा त्या हॉलनं लग्नातही पाहिला नसेल.

"अरे देवा, हा कोण मेलाय?"

"गप गं, तुझ्याच नवऱ्याची असेल!"

कॉर्मक एकेका बरणीवर दारूची चव बघितल्यासारखा थांबत होता. एका बरणीपाशी त्यानं मूठ आपटली. "ही! ही लाल! पैजेवर सांगतो." डर्व्लानं तळाची चिठ्ठी वाचली. ती फादर लाव्हेल यांची होती. फादरांच्या डोक्यावर कुठल्याच रंगाचा केस नव्हता. ते स्वतः इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

काहींचे अंदाज बरोबरही आले. पण नाणं उडवून जेवढे आले असते तेवढेच, असं डर्व्लानं सांगितलं. मग ती एक बरणी हातात घेऊन घुटमळली. "या बरणीला मात्र सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय. वासच नाही. नुसता कार्बोलिक." तिनं चिठ्ठी पाहिली. "मावशी, बनियन धुतलीत का तुम्ही?"

"म्हणजे?" मावशी म्हणाली. "तशीच द्यायची होती?"

हॉल पुन्हा हसला. मावशी हसली नाही. डर्व्लाही नाही, तिची नजर मावशीच्या हातांवर गेली होती.

संध्याकाळी डर्व्ला आमच्या स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकला.

"मावशी, मी सरळ सांगते. घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतोच. कातडीवर जंतू असतात, ते घामावर जगतात, आणि वास होतो तो त्यांच्यामुळे. केसांचा रंग हा केसांतल्या रंगद्रव्याचा खेळ. या दोघांचा काही संबंध असल्याचं मला तरी कुठं वाचायला मिळालेलं नाही. तुमचा वास तुमचा, जसा माझा माझा. लाल केसांचा म्हणून निराळा वास नसतो."

"कोल्ह्याचा?"

"कोल्ह्याचा कोल्ह्याला."

मावशीनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "मग माझा कसा आहे?"

साबणापलीकडे मावशीचा वास आमच्यापैकी कुणाला कळलाच नव्हता. डर्व्ला हळूच म्हणाली, "काका काय म्हणायचे?"

"तो?" मावशीच्या चेहऱ्यावर शेटलंडच्या गोष्टी सांगताना यायचं तसं काहीतरी आलं. "तो होडीवरून आला की पहिलं माझ्या मानेत नाक खुपसायचा. आणि म्हणायचा, 'आलं घर.' रोज. मी त्याला ढकलून द्यायची. मला वाटायचं, बिचारा माझं मन राखतोय." तिनं कप खाली ठेवला. "तो मनापासून म्हणत होता काय गं?"

आणि ती रडायला लागली. मॅनसकाकाच्या अंत्ययात्रेत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर लाल साबण फक्त फरशीला राहिला. अंगाला तिनं साधा पांढरा साबण आणला, तोही दिवसातून एकदाच. हातांच्या भेगा वसंत सरेपर्यंत भरल्या. मग पहिल्यांदाच मला तिच्या अंगठ्याची खरी कातडी दिसली, मऊ, बारीक तांबूस ठिपक्यांनी भरलेली. कॉर्मक पुढेही दुकानात यायचा. एकदा त्यानं इकडेतिकडे बघत विचारलं, "सोरखा, शाळेतलं ते... तुला अजून आठवतं?"

"रोज," मावशी म्हणाली. "कुठली लोकर हवी?"

तो निळी घेऊन गेला. तिनं त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ती आणखी अठरा वर्षं जगली. केस शेवटी पांढरे झाले, फक्त मानेवर एक बट तांबूस राहिली. संध्याकाळी चुलीपाशी ती विणत बसायची आणि मी तिच्या खांद्याला टेकून पेपर वाचायची. तेव्हा मला तिचा वास यायचा. टर्फचा धूर, लोकर, ताक, आणि या सगळ्याखाली किंचित उबदार, भाजलेल्या ओटसारखं काहीतरी, ज्याला मला आजवर नाव सापडलेलं नाही. तिची विणलेली शाल माझ्या कपाटात आहे. वास केव्हाच उडून गेलाय. तरी थंडी पडली की मी ती काढते, आणि नाकाशी धरते.