टेलरमावशीचा आरसा

टेलरमावशीच्या हाताला यश होतं, हे तिच्याशी भांडलेल्या बायकासुद्धा कबूल करायच्या. दुसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली, तीत मशीन, इस्त्री आणि उभा आरसा. नवरा गेल्यावर याच मशीनवर तिने मुलीला शिकवलं, लग्न लावून दिलं, कोणापुढे हात पसरला नाही. तिच्याकडे येणाऱ्या बायका नुसत्या शिलाईसाठी येत नसत. कोणाच्या पाठीला बाक, कोणाचं अंग भाजलेलं. शेजारच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंचा तर ऑपरेशनमध्ये एक स्तन काढलेला. दुकानात माप द्यायचं म्हटलं की त्या दारातूनच परत फिरायच्या. मावशी दारावरचा पडदा ओढायची आणि म्हणायची, "इथे आपण दोघी आणि आरसा. तिसरं कोणी नाही."

मग समोरच्या खोलीत एक भाडेकरू आला. मावशीने त्याचं नाव ठेवलं डोळस. आधी तो उगाचच दारात उभा राहायचा, मग येणाऱ्या बायकांना कुठे चाललात, कशाला चाललात विचारू लागला, आणि एके दिवशी त्याने स्वतःच्या चौकटीवर कॅमेरा ठोकला. का, तर म्हणे चोरांची भीती! अरे, चोराने तुझ्या घरातून न्यावं तरी काय, फाटक्या चपला? कॅमेऱ्याचं तोंड थेट मावशीच्या दारावर. दार लावलं तर खोलीत अंधार, कारण उजेड यायचा तो तिथूनच. बायका कुजबुजायला लागल्या, एकेक करून कमी झाल्या.

मावशीने घरमालकाला सांगितलं. त्याने हात झटकले. तुमचं आपसातलं आहे, मला मध्ये ओढू नका, म्हणाला. भाडं घेताना बरा मध्ये यायचा!

ओळखीतल्या एका वकीलबाईंनी मात्र तिला धीर दिला. भाडेकरूला आपल्या खोलीत निर्धास्त राहायचा हक्क असतो, त्या म्हणाल्या. डोळसही त्याच मालकाचा भाडेकरू, तेव्हा लेखी तक्रार गेल्यावर मालकाला कानाडोळा करता येत नाही. मालकाने डोळसला समज द्यावी, नाहीतर बाहेर काढावं. तेही केलं नाही तर भाडेवादाच्या कार्यालयात अर्ज करायचा. नाहीतर कराराच्या मुदतीआधी खोली सोडायची, तीही वाट आहे. ही शेवटची वाट ऐकून मावशीचं डोकं फिरलं. चूक त्याची आणि बिऱ्हाड मी का हलवू?

लेखी तक्रार गेली, मालक ढिम्म. शेवटी सुनावणी लागली. मालकाच्या वकिलाने सांगितलं, कॅमेऱ्यात फक्त व्हरांडा दिसतो, उगाच कांगावा चाललाय. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मावशीला विचारलं, कॅमेऱ्याचं मागवलेलं रेकॉर्डिंग लावायचं का? वकीलबाई काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "लावाच." तिला वाटलं, आपलं दार दिसेल, पडदा दिसेल आणि यांचं पितळ उघडं पडेल.

भिंतीवर चित्र उमटलं. दार दिसलं, पडदाही दिसला. पण कॅमेरा उंचावर होता, पडद्याच्या वर वाऱ्यासाठी ठेवलेली फट होती, आणि फटीतून दिसत होता आरसा. आरशात मास्तरीणबाई, हात वर करून माप देत उभ्या. कारकुनाने मान खाली घातली. बाकी कोणीच घातली नाही. वकीलबाई म्हणाल्या, पुरे, बंद करा. मालकाचा वकील म्हणाला, चेहरा ओळखू येतो का, ते तरी पाहू द्या. मावशी उठली आणि भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. चित्र तिच्या अंगावर पडलं. साहेबांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. कॅमेरा उतरला, डोळसला खोली सोडावी लागली, मालकाची चांगलीच कानउघाडणी झाली. जिंकलात हो मावशी, वकीलबाई म्हणाल्या. खाक जिंकलं!

त्याच संध्याकाळी ती मास्तरीणबाईंच्या घरी गेली. दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती जण होते तिथे?"

मावशीने सांगितलं.

"आणि लावा असं कोण म्हणालं?"

वकीलबाईंवर ढकललं असतं तर खपून गेलं असतं.

"मी," मावशी म्हणाली.

मास्तरीणबाई उठल्या आणि त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.