नाव कमी करू नका

"आधी हजेरीपट आणा. चहा नको, हार नको, हजेरीपट."

शाळेत पाऊल टाकलं की बाईंचं हे पहिलं वाक्य. मग त्या पदरानं चष्मा पुसायच्या, खुर्ची बाजूला सारून पोरांच्या सतरंजीवर मांडी घालायच्या आणि तांदूळ निवडावेत तसं पानावरून बोट फिरवायला लागायच्या. अशी एखादी बाई तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत पाहिली असेल. ठेंगणी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, खांद्याला पिशवी, हातात फिरकीचा तांब्या. अशा माणसांना आपण पाहतो आणि विसरतो. मला विसरायची सोय नाही.

मी तेव्हा सोलापुरात जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यात नवा कारकून होतो. बाई विस्तार अधिकारी. काम शाळा तपासण्याचं. पण मास्तरानं मुलीच्या अंगाला हात लावल्याची तक्रार कुठून आली, की ती फाइल टेबलं बदलत बदलत बाईंच्याच टेबलावर येऊन थांबायची. साहेब लोक तिला 'ते प्रकरण' म्हणायचे, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघायचे.

जबाब लिहायला बाई मला सोबत न्यायच्या, कारण माझं अक्षर चांगलं होतं. भवानी पेठेत कुणाचं लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर माझ्याकडून लिहून नेत. मला त्याचा थोडा माजही होता.

चौकशीच्या गावात बाई पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. तांब्यातलं पाणी, फडक्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. "ज्याचा चहा प्यायला त्याच्यावर रिपोर्ट लिहिताना हात अडखळतो," म्हणायच्या. सरपंच रुसायचे. एकानं तर माझ्यासाठी म्हणून शिरा पाठवला. बाई म्हणाल्या, "खा की. मग एस.टी.नं एकटेच परत जा." तो शिरा मला अजून आठवतो.

मुलींशी बोलायचं तर हेडगुरुजींना आधी बाहेर काढावं लागे. त्यावर बाईंची युक्ती ठरलेली.

"गुरुजी, शाळेच्या मागं झाडं किती हायत, मोजून या."

बिचारे जायचे आणि लगेच यायचे. "बाई, एकच बाभूळ हाय की."

"परत मोजा. सावकाश."

मग मला व्हरांड्यात पाठ करून बसवायच्या. आत हलका आवाज यायचा, "बारव्वा, अंजब्याड." ये पोरी, भिऊ नकोस. अक्कलकोटकडच्या गावात पोरी घरी कानडी बोलायच्या, शाळेत मराठी. बाई म्हणायच्या, भीती घरच्याच भाषेत बाहेर येते. पुढचं मला ऐकू यायचं नाही. तासाभरानं बाई बाहेर येऊन मजकूर सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज सपाट असायचा, आणि तांब्यातलं पाणी संपलेलं असायचं.

दुष्काळाच्या वर्षी अक्कलकोट तालुक्यातल्याच एका गावचं निनावी पोस्टकार्ड आलं. सातवीच्या मास्तराबद्दल.

बाईंनी हजेरीपटावर बोट फिरवलं. हेडगुरुजी हात चोळत म्हणाले, "दुष्काळ हाय बाई. पोरी खडी फोडायला जात्यात कामावर."

"पोरं जात नाहीत?"

"जात्यात की."

"मग पोरांची हजेरी लागलीय कशी? आणि सहावीच्या पोरी येतात, सातवीच्याच खडी फोडतात? त्याही शनिवारीच?"

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मास्तर पोरींना वह्या तपासायला थांबवून घ्यायचा. हेडगुरुजी न सांगताच झाडं मोजायला निघून गेले.

चार पोरी काही बोलल्या नाहीत. पाचवी बोलली. बारा वर्षांची, वर्गात पहिली येणारी. तिच्या बापाला बाईंनी शब्द दिला, की पोरीचं नाव गावात कुणाला कळणार नाही. परतताना एस.टी.त मला बजावलं, "कागदावर फक्त 'एक विद्यार्थिनी' लिहायचं. नाव माझ्या पाकिटात राहील, ते मी साहेबांच्या हातात देईन."

मी जबाबात नाव लिहिलं नाही. अहवालातही नाही. पण अहवाल वर पाठवताना जावक रजिस्टरात नोंद करायची असते, आणि तिथं विषयाचा रकाना असतो. आमच्या हेडक्लार्कनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, अर्धवट विषय लिहितो तो अर्धवट कारकून. मी रकाना पूर्ण भरला. कुमारी अमुक, इयत्ता सातवी, हिच्या तक्रारीबाबत. बापाच्या नावासकट, गावासकट, वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर कौतुकानं एकदा बघितलंसुद्धा. गाढव होतो मी, दुसरा शब्द नाही.

ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असायचं. कुणीही यावं, आपल्या कागदाचा नंबर शोधावा. मास्तराचा मेहुणा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर नोकरीला होता, हे मला नंतर कळलं.

आठ दिवसांनी पोरीचा बाप माझ्या टेबलापुढं उभा राहिला. पागोटं हातात.

"सायेब, त्येंना नाव कुटनं कळलं? बाईंनी शब्द दिला हुता."

मी टेबलावरचं उघडं रजिस्टर मिटलं.

"लई मानसं आली हुती घरला. भावकी बी त्येंच्याच बाजूनं. म्हनली, पोरगीच तसली हाय." मग त्यानं घडी केलेला कागद पुढं केला. पोरगी चुकून बोलली, असा मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, खाली बापाचा अंगठा. "तिला मामाकडं धाडलीया, कर्नाटकात. आता साळा न्हाय."

बाईंनी तो कागद वाचला. मग जावक रजिस्टर ओढून घेतलं आणि ते पान काढलं. त्या नोंदीवरून बोट फिरवलं. मी बोलणी खायला तयार होतो, खरं तर मला ती हवी होती.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या.

मास्तराची बदली झाली. उजनी धरणासाठी उठवलेल्या एका गावाच्या नव्या वसाहतीत, पत्र्याच्या शाळेत. बाई दर महिन्याला एस.टी.चे धक्के खात तिथं जायच्या आणि सतरंजीवर शेवटच्या रांगेत दिवसभर बसून राहायच्या. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचा. लेखी त्याच्यावर काहीच नव्हतं. बाईंना एवढंच करता येत होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही.

त्या पोरीच्या गावीही जायच्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा बापानं दार उघडलं नाही. बाई ऊन कलेपर्यंत ओट्यावर बसल्या, मग उठून शाळेत आल्या.

हेडगुरुजी म्हणाले, "बाई, त्या पोरीचं नाव कमी करावं म्हनतो. नेमच हाय तसा."

"नियम मला पाठ आहे. नाव कमी करू नका."

"पर ती येनार न्हाय."

"आली तर? दारात उभी राहून तिनं विचारायचं का, माझं नाव आहे का म्हणून?"

दर जूनला नवा हजेरीपट यायचा आणि सातवीच्या पानावर ते नाव पुन्हा लिहिलं जायचं. तपासणीला गेल्या की बाई स्वतः हजेरी घ्यायच्या. त्या नावाशी आल्या की पुकारायच्या आणि थांबायच्या. दारातून रिकामं अंगण दिसायचं. मग त्या आपल्या हातानं 'गै' लिहायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. मी शेजारी तांब्या घेऊन बसलेला असायचो. दर वेळी वाटायचं, की आता तरी मला बोलतील. त्या कधी बोलल्या नाहीत. दौऱ्यावर मात्र मलाच न्यायच्या, आणि भाकरीतली अर्धी मोडून द्यायच्या.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी नारळ दिला, शाल दिली, दोन भाषणं झाली. भाषणात 'ते प्रकरण' कुणी काढलं नाही. जिना उतरताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "त्या शाळेकडं लक्ष ठेवा." मी हो म्हणालो. वर्षाच्या आत बाई गेल्या. मी खांदा दिला, तेव्हा त्यांचं वजन काहीच वाटलं नाही.

पुढच्या तपासणीला नवे साहेब होते. त्यांनी खुर्चीवर बसून चहा घेतला आणि मागच्या वर्षांचेही हजेरीपट चाळले.

"ही कोण? पाच वर्षं सातवीत, आणि एक दिवस हजर नाही?"

मी म्हणालो, "साहेब, बाईंनी सांगितलं होतं..."

"बाई आता नाहीत. नाव कमी करा, शाळेला लेखी कळवा."

मी वाद घातला नाही. मला नोकरी होती, घरी दोन लेकरं होती. सोलापूरला येऊन मी पत्र तयार केलं, साहेबांची सही घेतली आणि जावक रजिस्टर उघडलं. विषयाच्या रकान्यापाशी लेखणी थांबली. मग मी सावकाश लिहिलं, 'एका विद्यार्थिनीचे नाव कमी करण्याबाबत'.

हेडक्लार्क मागून वाकून बघत म्हणाले, "काय रे, नाव नाही लिहिलंस?"

"नाही," मी म्हणालो. "लिहायचं नाही असं बाईंनी सांगितलंय."