यंत्राबाहेर राहिलेले पाय

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट समजेल. लिफ्टमध्ये मी पाय ठेवत नाही. पोखर्णीचा नृसिंह आमचं कुलदैवत, पण गाभाऱ्यात माणसं दाटली की मी बाहेरूनच हात जोडून मागं फिरते. याला कारण आहे. लहानपणी आमच्या घरात वेचलेला कापूस आढ्याला टेकेल इतका भरून ठेवायचे. त्यात उड्या मारताना एकदा मी खाली गेले आणि वरून ढीग ढासळला. नाकातोंडात कापूस, आणि कितीही ओरडलं तरी आवाज बाहेर जाईना. मोठ्यांनी मला वेळेवर बाहेर काढलं, पण अंगातली ती भीती काही निघाली नाही.

अशा माझ्या नशिबी एम.आर.आय. आला. झालं असं, की डाव्या डोळ्यासमोर धुरकट दिसायला लागलं. दूध पेल्यात ओतावं तर ओट्यावर सांडायचं. चष्मा बदलून पाहिला, थेंब घालून पाहिले. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा ठणठणीत आहे, पण डोक्यात डोळ्याची नस कशानं तरी दबतेय. सिटीस्कॅनमध्ये तिथलं नीट दिसत नव्हतं. "एम.आर.आय. झाल्याशिवाय मला पुढं काहीच करता येणार नाही. आणि उशीर केलात तर दुसऱ्या डोळ्यावरही येईल. गेलेली नजर मग परत आणता येत नाही," असं ते शांतपणे म्हणाले.

पहिल्या वेळेला मी जे केलं, त्याची आठवण झाली की आजही लाज वाटते. अंगावरचं सगळं धातूचं काढायचं होतं. आमच्याकडे बाईनं मंगळसूत्र काढलं तर गळा मोकळा ठेवत नाहीत, हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधून घालतात. तसं मी केलं. यंत्र चालवणाऱ्यानं आवाज लागू नये म्हणून कानात कापूस घातला. नेमका कापूस! मग चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवला, हातात रबराचा गोळा दिला आणि सांगितलं, फारच त्रास झाला तरच दाबा. फळी आत सरकली, छत नाकाशी आलं, आणि यंत्र सुरू होण्याआधीच मी गोळा दाबला. नुसता दाबला नाही, सोडलाच नाही. बाहेर काढलं तेव्हा मी लहान पोरीसारखी रडत होते.

भूल देऊन करायचं तर माझा दमा आडवा आला. आणखी एकदा प्रयत्न करू, असं ठरलं. मधले दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. खरं सांगायचं तर भीती नुसती बोगद्याची नव्हती. फोटोत काय निघेल याची भीती जास्त होती. एक डोळा झाकून मी घर बघायचे, मग दुसरा झाकून बघायचे. देव्हाऱ्यातली समई धूसर दिसली की पुन्हा पुन्हा डोळा चोळायचे. आदल्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको पोखर्णीला गेलो. मी तिथं प्रार्थना कसली केली, भांडलेच. म्हटलं, भक्तासाठी तू खांब फोडून आलास म्हणतात, मग माझ्यासाठी एवढं एक यंत्र फोडायला काय जातंय? पुजाऱ्यानं अंगारा दिला. तो मी पदराला बांधला, पण मनाला काही धीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी ओल्या हळदीत भिजवलेला लांब दोरा आणि हळकुंड पिशवीत घेऊन आम्ही मानवतहून परभणीला आलो. यंत्राच्या खोलीत नातेवाइकाला बसता येतं असं कळलं होतं, म्हणून ह्यांना आत बसवायचं असा माझा बेत होता. पण मोटारसायकलवरून पडल्यापासून ह्यांच्या मांडीत सळई आहे. कसल्या धातूची, ते ह्यांना सांगता येईना. यंत्र चालवणाऱ्यानं स्पष्ट नकार दिला. "मी असतो गं संगं, पर ह्या सळईनं घात केला," असं म्हणून ह्यांनी मान खाली घातली. माझं तर अवसानच गेलं. मी बाकावरून उठले आणि म्हणाले, "चला घरी. जाऊ दे डोळा."

शेजारी एक म्हातारी बसली होती. मेंढरं राखणाऱ्यांपैकी असावी, खांद्यावर घोंगडी, मनगटात चांदीचं कडं. तिच्या नवऱ्याच्या पाठीचा फोटो काढायचा होता, म्हणून दोघं आपल्या पाळीची वाट बघत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कामून थरथरायलीस माय? लय भ्यायलीस बग. मी येऊ का आत?"

मी परत बाकावर बसले. यंत्र चालवणाऱ्यानं तिला विचारलं, अंगात काही बसवलंय का, कधी ऑपरेशन झालंय का. तिनं सगळ्याला न्हाई म्हटलं. मग तो म्हणाला, अंगावरचंही सगळं काढावं लागेल, गळ्यातलंसुद्धा. तेव्हा मात्र ती थबकली. बाकावर तिचा धनी बसला होता. त्याच्यासमोर, एका अनोळखी बाईसाठी, गळ्यातलं डोरलं काढायचं! म्हाताऱ्यानंच हात पुढं केला. "दे हिकडं. मी बसलोय की जित्ता," असं तो म्हणाला आणि त्यानं डोरलं आपल्या मुठीत धरलं.

मी पिशवीतला दोरा काढून मधोमध तोडला. हळकुंड एकच होतं. म्हातारीनं ते दाताखाली धरून कडकन फोडलं आणि अर्धं मला दिलं. तिनं माझ्या गळ्यात बांधलं, मी तिच्या. दोघींचे हात पिवळे झाले.

आत फळीवर निजल्यावर पुन्हा तेच. कापूस, जाळी, गोळा. श्वास वर चढायला लागला. फळी सरकली आणि गोळ्याभोवती माझी बोटं आवळली. तेवढ्यात माझ्या दोन्ही तळपायांवर खरखरीत हात आले. मी दचकले. "मावशी, पायाला हात नका लावू. तुमी मोठ्या, मला पाप लागंल," असं मी जाळीतूनच ओरडले.

"डोस्कं आत गेलंय, हातात गोळा हाय. मग काय धरू तुजं?" ती खेकसली. "गप पड. मी हाय हितं."

मग यंत्र सुरू झालं. ठोकल्यासारखा आवाज, मग भोंग्यासारखा, मग सगळी फळी थरथरवणारा. मी भीत होते. भीती कुठंही गेली नाही हे मला आवर्जून सांगायचंय. घाम कानात उतरत होता आणि मनात नामस्मरण वगैरे काही चाललं नव्हतं. फक्त आवाज बदलला की ते हात थोडे घट्ट व्हायचे, एवढंच कळत होतं. मी डोळे मिटून माझं सगळं चित्त त्या दोन तळव्यांत नेऊन ठेवलं आणि पडून राहिले. गोळा शेवटपर्यंत दाबला नाही.

बाहेर आले तेव्हा म्हातारीच्या नवऱ्याला आत घेत होते. तिनं डोरलं घालायच्या आधी त्याला चपला काढायला लावल्या. मी बोलायला गेले तर मला ती हातानंच 'जा, जा' म्हणाली. नंतर आम्ही रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा ती दोघं दिसली नाहीत. त्यांचं नाव-गाव मी विचारलंच नव्हतं.

फोटोत नसेला टेकलेली चिंचोक्याएवढी गाठ दिसली. मोठ्या शहरात जाऊन ती काढली. गाठ साधी निघाली. डाव्या डोळ्याला अजून थोडं धूसर दिसतं, पण उजवा सुखरूप आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत फोटो झाला म्हणून हे निभावलं.

एम.आर.आय. झाला त्या दिवशी घरी येऊन पाय धुवायला न्हाणीत गेले, तर तळपायांवर हळदीची बोटं उमटलेली होती. आपण देवाच्या पायांना हळद लावतो, कुणीतरी ती माझ्या पायांना लावून गेलं होतं. मी खाली बसले आणि खूप रडले. मी यंत्र फुटायची वाट बघत होते, आणि तो माझ्या पायाशी येऊन बसला होता. त्यानं कुणाच्या हातांनी धरावं, हे ठरवणारी मी कोण?

आता पोखर्णीला गेले की मी भांडत नाही. भित्री मी आहेच, तशीच राहीन. पूर्वी म्हणायचे, देवा, माझी भीती घालव. आता म्हणते, राहू दे भीती, तू फक्त धरून ठेव.