हलवू नये

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिला काटेताई म्हणायचे. आडनाव नव्हे हो! काचेच्या पेटीतला नाजूक वजनकाटा तिच्या ताब्यात, म्हणून काटेताई. त्या टेबलाला कुणाचं कोपर जरी लागलं तरी ती अशी बघायची, की चांगले चांगले अधिकारी सॉरी म्हणत मागे सरायचे. पेटीवर तिच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘हलवू नये.’

एकवीस वर्षं झाली तिथे. तिच्या हाताखाली शिकलेले तिघे मुख्य तंत्रज्ञ होऊन गेले आणि ही आपली जिथल्या तिथे. तीनदा मुलाखत दिली, तीनदा हात हलवत परत आली. दोष कुणाला द्यायचा? तिने तो स्वतःच्या जिभेला दिला. “आयत्या वेळी माझी दातखीळ बसते गं,” असं ती मुलीला सांगायची. यंदाची चौथी वेळ, आणि शेवटची. पन्नाशीनंतर अर्जच करता येत नाही आणि तिला एकोणपन्नास पूर्ण झालेली.

मग काय, मुलीने घराची शाळा करून टाकली. बापाचा चष्मा नाकावर चढवून ती टेबलापलीकडे बसायची. “तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?”

“मला बोलता येत नाही.”

“आई! असं खरं सांगतात का कुणी?”

“माझा चष्मा द्या आधी,” आतून बाप ओरडायचा, “पेपर अर्धा राहिलाय!”

हसत, रडत, महिनाभर हे चाललं. शिवाय मोठ्या सरांचा धीर होता. मोठे सर म्हणजे तिचे साहेब, नुकतेच निवृत्त झालेले. निरोपाच्या दिवशी ते तिला मुद्दाम म्हणाले, “यंदा मान वर करून बोला. तुमच्याबद्दल मी दरवर्षी चांगलंच लिहिलंय.” देवमाणूस, असं घरी सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

मुलाखत घ्यायला तिघं होती, मधोमध नवे अध्यक्ष. आणि काय सांगू, काटेताई बोलली! सरळ, न अडखळता. दोष विचारला तर म्हणाली, “चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, समोर कुणी का असेना.” अध्यक्ष खुशीत हसले. आता फक्त तिची फाईल बघायची राहिली होती.

त्यांनी फाईल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. आत मोठ्या सरांनी हाताने लिहिलेले वार्षिक शेरे. अध्यक्षांनी कागद लांब धरला, जवळ धरला, शेजारच्या बाईंना दाखवला. त्यांनीही हात टेकले. मागच्या तिन्ही वेळी शेरे समितीला सरांनी स्वतःच वाचून दाखवले होते; आता ते निवृत्त. सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ते वाचू शकणारं अख्ख्या खात्यात एकच माणूस. सरांच्या टिपणांच्या स्वच्छ प्रती इतकी वर्षं तीच तर काढत होती.

“तुम्हाला लागतं का हो हे अक्षर?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, ते गोपनीय...” बाई खाकरल्या. पण तोवर कागद तिच्यापुढे आला होता.

सरांचा कागद पुढे आला की वाचायचा, ही हाडीमाशी खिळलेली सवय. तो कुणाबद्दल आहे हे मनात यायच्या आधीच तिने खणखणीत आवाजात वाचलं, “अत्यंत प्रामाणिक. कामात चूक सापडत नाही. हिच्यावाचून प्रयोगशाळेचं पान हलत नाही. सबब बढतीचा विचार करू नये. सध्याच्या जागेवरून हलवू नये.”

शेवटचे शब्द तोंडातून गेले आणि मग कानात शिरले. अध्यक्षांचं पेन हातातल्या हातात राहिलं. बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

“पुढचं पान?” अध्यक्ष कसंबसं बोलले.

तिने पान उलटलं. इथे ती मनाला येईल ते वाचू शकली असती, कोण पकडणार होतं? पण छे, काट्यावर आयुष्य गेलेली बाई ती. पुढच्या वर्षी, हलवू नये. त्याच्या पुढच्या वर्षी, हलवू नये. तीनदा घरी येऊन आरशापुढे तिने स्वतःच्या तोंडाला शिव्या घातल्या होत्या. आणि त्या बिचाऱ्या तोंडाचा काही दोषच नव्हता!

शेवटचं पान निरोपाच्या दिवसाचं. आता तरी सरांना तिची गरज उरली नव्हती. तिने श्वास घेतला आणि वाचलं, “माझ्यामागून येणाऱ्या साहेबांची गैरसोय होऊ नये. हलवू नये.”

पेन खाली ठेवत अध्यक्ष म्हणाले, “ही काय भाषा झाली?”

“वजनकाट्यावर लिहितात साहेब. चिठ्ठी मीच लावलीय.”

“हलवला तर बिघडतो का तो?”

“छे! नव्या जागी सपाट बसवायचा, तासभर थांबायचं, ठरलेली वजनं ठेवून बघायचं. बरोबर दाखवतो.” तिने फाईल अध्यक्षांपुढे सरकवली. “चिठ्ठी काट्यासाठी नसतेच साहेब. पुन्हा लावायचा त्रास आपल्याला नको, म्हणून असते.”

पंधरा दिवसांनी हुकूम हातात पडला. मुख्य तंत्रज्ञ, दुसऱ्या इमारतीत. मुलगी घरभर नाचली. त्याच संध्याकाळी मोठ्या सरांचा फोन आला.

“अभिनंदन काटेताई! बघा, मी म्हणत नव्हतो? माझे शेरे कामी आले ना शेवटी?”

तिची पुन्हा दातखीळ बसली. समोर मुलगी उभी होती, नाकावर बापाचा चष्मा.

“हो सर,” काटेताई म्हणाली. “आले कामी. त्यांना तुमचं अक्षर लागेना, म्हणून सगळे मलाच वाचायला लावले.”

आणि तिने फोन ठेवला.